राखलेली रेघ

बसा. मांडी घालता येत असेल तर जमिनीवर, नसेल तर पाठ टेकेल अशा जागी. हात मांडीवर उताणे सोडा. खांदे कानांपर्यंत चढले असतील तर उतरू द्या. आज एकाच गोष्टीपाशी थांबायचं आहे. नवरीच्या अंगावरचं वस्त्र, त्यातही सगळ्यांत वरचं. ते मांडीवर घ्यायचं, उलगडायचं, पाहायचं आणि पुन्हा घडी घालून ठेवायचं.

आधी जागा मनात येऊ द्या. कुंभकोणमपासून जवळच कावेरीच्या मुलखात तिरुविसनल्लूर नावाचं गाव आहे. तंजावरच्या शहाजीराजांनी १६९३ साली ते विद्वानांच्या कुटुंबांना अग्रहार म्हणून दिलं, म्हणून त्याला शहाजीराजपुरम असंही म्हणतात. हे राजे मराठीत नाटकं लिहीत, आणि त्यांचं एक नाटक लक्ष्मी-नारायणाच्या लग्नाचं आहे. अशा गावात सरळ रस्ता असतो, दोन्ही बाजूंनी खेटून घरं, आणि प्रत्येक घरापुढे ओटा. तमिळमध्ये त्याला तिण्णै म्हणतात. असा एक ओटा डोळ्यांपुढे आणा. वापरून गुळगुळीत झालेला, दुपारीही थंड राहणारा. ज्या वस्त्राबद्दल मी बोलणार आहे त्याची आणि माझी गाठ याच भागात, अशाच एका ओट्यावर पडली.

दिवस तमिळ आडी महिन्याचे होते. कावेरीवरचं मेट्टूरचं धरण १२ जूनला उघडायचा इकडे रिवाज आहे. ते पाणी कल्लणैच्या जुन्या बंधाऱ्यापाशी येतं, तिथून फाटे फुटत जातं, आणि आडीपर्यंत गावातल्या पाटांना त्याचा आवाज येतो. तो आवाज ऐका. मोठा नाही. भांड्यातून भांड्यात पाणी ओतावं तसा, पण न थांबणारा. एक श्वास त्या आवाजाबरोबर आत घ्या. दुसरा सोडताना घाई करू नका.

घरातल्या आजींनी ट्रंक ओट्यावर आणवली होती. त्यांची मराठी तंजावरची, तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी एकोजीराजांच्या पाठोपाठ इकडे आलेल्या घराण्यांची. शब्द आपले, चाल तमिळची. ट्रंकेचं झाकण उघडलं तसा वाळ्याच्या मुळांचा वास आला, त्याच्या मागून कडुनिंबाचा सुकलेला पाला, आणि सगळ्यात खाली जुन्या रेशमाचा तो थोडासा आंबूस, थोडासा गोड वास. वर मलमलीचं फडकं. फडक्यात त्यांचं कूरै. कूरै म्हणजे लग्नात नवरीला देतात ते लुगडं. मायिलाडुतुरैला विणकरांची जी जुनी वस्ती आहे तिचं नावच कूरैनाडु.

"हळू धर," आजी म्हणाल्या. "त्याला घाई सोसत नाही."

तुमच्या उताण्या हातांवर आता ते ठेवते. नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. घडी केलं की उशीएवढं होतं, पण हात खाली जातो. रंग लाखेचा, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. जिथे जर आहे तिथे बोट ठेवा. जर आता काळवंडली आहे. रुपं काळं पडलं आणि वरचं सोन्याचं पाणी ठिकठिकाणी उडालं. एका कोपऱ्यावर पिवळा डाग आहे. नवं वस्त्र देताना कोपऱ्यांना हळद लावतात, ती हळद. साठ वर्षांत ती कुणी धुऊन काढली नाही. त्या डागावर जरा थांबा. एखादा डाग जपण्याजोगा कसा होतो, हे आत्ता विचारू नका. फक्त पाहा.

आता वजनाकडे लक्ष द्या.

आपल्या भाषेत प्रत्येक वस्त्राचं क्रियापद वेगळं असतं. सदरा घालतात, लुगडं नेसतात, फेटा बांधतात, शाल अंगावर घेतात, शेला पांघरतात. नेसलेल्याला गाठ असते, ओचा असतो, कासोटा असतो. ते अंगाला धरून राहतं. पांघरलेल्याला असा आधार नसतो. ते खांद्यावर नुसतं विसावलेलं असतं आणि ज्याच्या अंगावर आहे त्यानं त्याचं भान ठेवायचं असतं. आपली नवरी अष्टपुत्री नेसते, पण मांडवात उभं राहताना अंगावर शेला येतो, आणि तिची चाल बदलते. ही बदललेली चाल तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. ती आठवा. पावलं छोटी होतात. मान ताठ होते. कुणाला सांगावं लागत नाही.

असंच पांघरायचं वस्त्र दूर जपानमध्येही आहे. तिथली नवरी जे सगळ्यांत वर घेते त्याला उचिकाके म्हणतात. नावातच अंगावर टाकून घेणं आहे, म्हणजे आपलं पांघरणंच. मुरोमाची काळापासून, म्हणजे चौदाव्या-पंधराव्या शतकापासून, सामुराई घराण्यांतल्या बायका मोठ्या प्रसंगी ते वापरत. पुढे सधन व्यापाऱ्यांच्या घरी आलं, आणि आज ते जवळपास लग्नापुरतं आणि रंगभूमीपुरतं उरलं आहे. आतल्या किमोनोला कमरपट्टा असतो, ओबी. उचिकाकेला काही नाही. ते पुढून उघडं राहतं आणि मागे जमिनीवर लोळतं. त्याच्या खालच्या काठात कापूस भरून जाड गोट करतात. हा गोट फुकी. त्याच्यामुळे घोळ पायात न येता जमिनीवर नीट पसरतो. बाहेर पडायचं झालं की नवरी पुढची बाजू हातांनी उचलून धरते, मागून कुणीतरी सावरतं.

हे वस्त्र आता तुमच्या खांद्यांवर आहे असं समजा. आधी उजव्या खांद्यावर, मग डाव्या. रेशमाचा एक थर, अस्तराचा दुसरा, कशिद्याचा नाहीतर सोनेरी धाग्यांच्या विणीचा भार. श्वास घेतला की छातीपाशी कडा थोड्या दूर होतात, सोडला की जवळ येतात. गाठ नाही. तुम्ही सरळ बसला आहात म्हणून ते अंगावर आहे. पाच श्वास तसंच राहू या. मी मोजत नाही, तुम्हीही मोजू नका.

उचिकाकेचे आज दोन प्रकार दिसतात. रंगीत, त्यात लाल आणि सोनेरी अधिक, वर करकोचे, पाइन, बांबू आणि प्लमची फुलं. आणि दुसरं शिरोमुकु, आतून बाहेरून संपूर्ण पांढरं. पांढऱ्याचा अर्थ सांगताना पुष्कळ जण म्हणतात की नवरी कोरी येते आणि सासरच्या रंगात रंगते. मला हा अर्थ कधी पटला नाही. शिरोमुकु जवळून पाहिलं तर ते कोरं नसतंच. पांढऱ्यावर पांढऱ्यानं करकोचे विणलेले असतात. उजेड तिरपा पडला की पंख दिसतात, समोरून पडला की मिटतात. पांढऱ्यावर कुणी काही लिहिलं नाही, असं समजण्याची घाई पाहणाऱ्याला असते. त्या पांढऱ्यापाशी थोडं राहा. पुढे ते पुन्हा लागणार आहे.

आता परत इकडे येऊन कोळ्ळिडमच्या पलीकडे जाऊ. कावेरीचा हा उत्तरेकडचा फाटा, पावसाळ्यात अफाट, उन्हाळ्यात नुसती वाळू. कुंभकोणमच्या उत्तरेला, कोळ्ळिडम ओलांडून, कोडालीकरुप्पूर नावाचं लहान गाव आहे. तंजावरच्या मराठा राजांसाठी, विशेषतः सरफोजीराजांच्या आणि त्यांच्या नंतरच्या शिवाजीराजांच्या काळात, इथे एक वस्त्र होत असे. त्याला गावाच्याच नावानं करुप्पुरी साडी म्हणतात. ते तंजावरच्या राजघराण्याचं मानाचं वस्त्र होतं, आणि बडोद्यापर्यंतच्या मराठा राजघराण्यांत लग्नाचं वस्त्र म्हणून गेलं. पुरुषांसाठी पागोट्याचं कापडही तिथे होत असे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ही करुप्पुरी वस्त्रं आहेत.

आपल्या मनात हे वस्त्र पहिल्या धाग्यापासून होऊ द्यायचं आहे. त्याला वेळ लागतो. लागू द्या.

माग आहे. ताणा सुताचा, न रंगवलेला, ताकासारखा पांढुरका. विणकर बसला आहे आणि प्रत्येक नक्षीच्या जागी कलाबतूची वेगळी छोटी कांडी फिरवतो आहे. पैठणीच्या पदरावर मोर ज्या रीतीनं हातांनी भरतात, साधारण तसंच, पण रेशमावर नाही, सुतावर. पांढुरक्या कापडात सोन्याची पानं, ठिपके, चांदण्या उमटत जातात. या टप्प्यावर कुणी ते कापड पाहिलं तर पुरं झालं म्हणेल. पांढरं आणि सोनं. काय कमी आहे त्यात?

कमी काहीच नव्हतं, तरी त्यांनी ते तिथे थांबवलं नाही. कापड मागावरून उतरलं आणि रंगाऱ्याकडे गेलं. सोनं विणून झाल्यावर मग रंग. हा क्रम मनात नीट बसू द्या. सगळं मोलाचं आधीच घालून झालं आहे, आणि आता ते लाल रंगात उतरायचं आहे.

रंगाआधी कापडाला तयार करतात. हिरड्याचं पाणी आणि म्हशीचं दूध. दुधाची स्निग्धता कापडात राहिली की तुरटीचं पाणी पसरत नाही, रेघ रेघच राहते. कोरोमंडल किनाऱ्यावर राहणाऱ्या केर्दू नावाच्या एका फ्रेंच जेझुइट पाद्र्यानं १७४२ साली इथल्या चित्रकारांना विचारून विचारून ही सगळी कृती एका लांब पत्रात लिहून पाठवली. त्यातही हिरडा आणि म्हशीचं दूध आहे. दुधात भिजून वाळलेल्या कापडाचा वास कल्पनेनं घेऊन पाहा. गोठ्याचा, आणि त्याच्या आत तुरट हिरडा.

मग मेण.

इथे आपल्याला सर्वांत जास्त थांबायचं आहे. लोखंडी टोकाची कलम, टोकाच्या वर केसांचा गुंडाळा, त्यात गरम मेण भिजलेलं. हात खाली आला की मेण टोकावर उतरतं. फार गरम असेल तर पसरतं, निवलं तर अडतं. मधली जी वेळ आहे ती अगदी थोडी. तेवढ्यात रेघ ओढायची. सोन्याच्या पानाभोवती एक रेघ, ठिपक्याभोवती एक रेघ, पानाच्या शिरेची एक रेघ. हे मेण रंग देत नाही. ते जागा राखतं.

तुम्ही ती कलम धरली आहे असं समजा. अंगठा आणि दोन बोटं. श्वास अर्धा सोडून हात खाली आणा. रेघ सुरू झाली. आता मध्येच श्वास घेतला तर हात हलेल, म्हणून उरलेला श्वास सावकाश, रेघेबरोबर सोडा. पानाचं टोक आलं, वळण घेतलं, दुसरी कड धरली, देठापाशी आलात. हात उचला. आता श्वास घ्या.

पुन्हा एकदा.

आणि पुन्हा, शेजारच्या पानाला.

दिवसभर हेच करणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल, याचा मी खूप विचार केला आहे. तो जे काढतो आहे ते आत्ता दिसतच नाही. पांढुरक्या कापडावर मेणाची रेघ म्हणजे फक्त एक ओलसर चमक. ती दिसायला अजून कित्येक दिवस आहेत, आणि त्याआधी सगळं कापड लाल होणार आहे. त्याला लालाची काळजी नाही. लाल येणारच आहे, सगळीकडे येणार आहे. त्याची सगळी काळजी त्या केसाएवढ्या जागेची आहे, जिथे तो यायला नको.

लाल येतो तो मुळातून. तमिळमध्ये त्याला साय वेर म्हणतात, म्हणजे रंगाचं मूळ. समुद्रकाठच्या रेताड जमिनीत उगवणारं लहानसं झुडूप, त्याच्या मुळांच्या सालीत हा रंग असतो. तुरटी जिथे कापडाला लागली तिथेच तो पक्का धरतो. मेणाखालच्या सुतापर्यंत तुरटी पोचत नाही, म्हणून तिथे लालही टिकत नाही. काळ्यासाठी लोखंड आणि गूळ आंबवून केलेलं पाणी. कापड बुडतं, निघतं, वाळतं, पुन्हा बुडतं. प्रत्येक वेळी लाल थोडा खोल जातो.

हीच गोष्ट पार दुसऱ्या टोकाला, क्योतोमध्ये, कशी झाली ते पाहा. सतराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे साधारण शहाजीराजे इथे नाटकं लिहीत होते त्याच सुमारास, तिथे मियाझाकी युझेन नावाचा पंखे रंगवणारा चित्रकार होता. किमोनोवर चित्र रंगवण्याची जी रीत पुढे सगळ्या जपानात गेली तिला त्याचं नाव आहे. युझेनमध्ये मेणाऐवजी चिकट तांदळाची खळ असते. कागदाच्या शंकूत खळ भरतात, टोकाला धातूची बारीक चोच, आणि शंकू दाबत दाबत रेशमावर धाग्यासारखी रेघ सोडतात. त्या रेघेला इतोमे म्हणतात. मग रेघेच्या आतल्या आणि बाहेरच्या जागा वेगवेगळ्या रंगांनी भरतात. खळ एक रंग दुसऱ्यात शिरू देत नाही. शेवटी कापड वाहत्या पाण्यात सोडतात, खळ विरघळून जाते, आणि प्रत्येक पाकळीभोवती पांढरी, केसासारखी रेघ उरते.

तांदळाची रेघ म्हटल्यावर मला इथल्या सकाळी आठवतात. पहाटे अंगणात सडा घालून बाई वाकते, चिमटीत तांदळाचं पीठ घेते आणि आधी ठिपके मांडते. मग एकच रेघ, ठिपक्यांना न शिवता, त्यांच्याभोवतीनं वळत वळत जिथून निघाली तिथे परत येते. कोलम. आपल्या रांगोळीत ठिपके जोडतात, इथे पुष्कळदा ठिपक्यांना वळसा घालतात. ठिपका आत सुरक्षित राहतो. जपानच्या रंगाऱ्याला या अंगणात आणून उभं केलं तर त्याला फारसं काही समजावून द्यावं लागणार नाही.

या दोन देशांची गाठ नुसती माझ्या मनात पडलेली नाही. ती कापडातूनच पडली होती, आणि याच किनाऱ्यावरून. नागपट्टिनम पाहा, कावेरीच्या मुलखाचं जुनं बंदर. डचांनी ते १६५८ साली पोर्तुगीजांकडून घेतलं. १६७६ साली एकोजीराजांनी त्यांच्याशी करार केला, तो रुप्याच्या पत्र्यावर कोरलेला. १६९० मध्ये डचांनी कोरोमंडलचं मुख्य ठाणं पुलिकतहून नागपट्टिनमला हलवलं, आणि १७८१ साली इंग्रजांनी ते जिंकेपर्यंत ते तिथेच होतं. त्या काळात जपाननं युरोपियांपैकी फक्त डचांना व्यापाराची मुभा दिली होती, तीही नागासाकीजवळच्या देजिमा या चिमुकल्या बेटावर. कोरोमंडलचं चित्रित कापड त्या वाटेनं जपानला जाई. तिथे त्याला सारासा म्हणत. सेनापतींच्या चिलखतावरच्या अंगरख्यांना ते लागलं, चहाच्या विधीतल्या भांड्यांच्या थैल्या त्याच्या झाल्या. १७७८ साली सारासाच्या नमुन्यांचं एक पुस्तकही छापलं गेलं. हिकोनेच्या ई घराण्यानं जमवलेले साडेचारशेच्या आसपास तुकडे आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. आणि जपानी भाषेत एका पट्टेरी सुती कापडाचं नाव सान्तोमे आहे, कारण ते सान थोमेचं, म्हणजे आजच्या चेन्नईतल्या मैलापूरजवळच्या किनाऱ्याचं.

करुप्पुरी वस्त्र त्या जहाजांत गेलं नाही. ते राजवाड्याचं होतं, आणि पुष्कळ नंतरचं. पण मेणानं रेघ राखायची ती विद्या त्याच किनाऱ्याची. तळहाताएवढा सारासाचा तुकडा समोर ठेवून जपानी माणूस चहा घेत बसला आहे, हे चित्र मला फार आवडतं. त्यानं हा किनारा कधी पाहिला नव्हता. त्यानं फक्त रेघ पाहिली होती.

आता कापड घेऊन नदीवर चला.

कोळ्ळिडमचं पाणी घोट्याला लागतं आहे. तळवे वाळूत थोडे रुततात. गरम पाण्यात बरंचसं मेण आधीच सुटलं आहे, राहिलेलं प्रवाहात जाईल. कापडाची दोन टोकं धरून सोडा. ते पाण्यावर लांब पसरतं, फुगतं, पुन्हा आडवं होतं. धरून ठेवलेल्या कापडाला नदी किती जोरानं ओढते ते मनगटात जाणवू द्या. लाल पाण्यात थोडा सुटतो, मग सुटेनासा होतो. पाणी स्वच्छ झालं. वर उचला.

आणि पाहा. सगळं कापड लाल, तपकिरीकडे झुकणारं, जुन्या विटेसारखं. त्यात सोन्याची पानं, पण आता सोनं पिवळं राहिलं नाही. तारांच्या मधल्या सुतानं लाल घेतला आहे, म्हणून सोन्याखालून तांबूस तेज येतं, घासलेल्या तांब्याच्या भांड्याला दिव्याच्या उजेडात येतं तसं. प्रत्येक पानाभोवती पांढुरकी रेघ. इतक्या वेळा बुडूनही ती पहिल्या दिवसासारखी. कापड मागावरून उतरलं तेव्हा सगळंच पांढरं होतं, म्हणून पांढरं दिसत नव्हतं. आता केसाएवढं उरलं आहे, आणि डोळा आधी त्याच्याकडेच जातो.

शिरोमुकुचे करकोचे इथे परत आठवा. पांढऱ्यावर पांढरे.

क्योतोतही हे धुणं कामो नदीत होत असे, कानाझावात असानो नदीत. आता बहुतेक हौदांत होतं. कोळ्ळिडमकाठी तर धुण्यासारखं ते वस्त्रच उरलं नाही. १८५५ साली तंजावरचे ते शिवाजीराजे पुत्राविना गेले, इंग्रजांनी गादी खालसा केली, आणि ज्या घरासाठी हे वस्त्र होत होतं ते घरच गिऱ्हाईक म्हणून संपलं. काही दशकांत साडी थांबली. मेण तापवायला कुणी उरलं नव्हतं असं नाही. घ्यायला कुणी उरलं नव्हतं. कलम मात्र सिक्कलनायक्कनपेट्टै या गावातल्या काही घरांत अजून चालते. ते देवळांसाठी रंगवतात, रथाला टांगायची गोल तोंबै, छत्र, पडदे. २०२१ साली करुप्पूर कलमकारीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या बातमीनं मला खरा आनंद झाला, आणि त्याच वेळी वाटलं की सोन्याच्या कांड्यांचा माग आणि मेणाची कलम एका कापडावर पुन्हा कायमची एकत्र यायला हवीत. जपानमध्येही बहुतेक नवऱ्या उचिकाके आता भाड्यानं घेतात. पांघरतात मात्र तितक्याच सांभाळून.

थोडा वेळ काही पाहू नका. डोळे मिटलेले असतील तर तसेच राहू द्या. ओट्याचा थंडावा मांडीखाली जाणवू द्या. पाटाचं पाणी ऐका.

मांडवात एक क्षण असतो. अंतरपाट धरलेला असतो, मंगलाष्टकं चाललेली, अक्षता मुठीत घामेजलेल्या. अलीकडे ती, पलीकडे तो. सगळ्या मांडवाच्या नजरा दोघांवर, आणि एवढ्या गर्दीत हातभर सुती कापडानं एक जागा राखलेली असते, जिथे अजून एकमेकांची नजरसुद्धा पोचलेली नाही. तुमच्या आयुष्यात असा अंतरपाट आला असेल किंवा नसेल. त्या कापडाच्या मागे उभं राहण्याची कल्पना करून पाहा. शेला खांद्यावर आहे. तो सांभाळायला हात हवा, पण हातात हार आहे.

श्वास घ्या. सोडा.

वस्त्र अंगावरून उतरतं तेव्हा कुठे जातं? जपानात लांब बाह्यांचा फुरिसोदे लग्नाआधीचा. लग्नानंतर त्याच्या बाह्या आखूड करून घेण्याची रीत होती. किमोनो सरळ पट्ट्यांचा असतो, साधारण सदतीस-अडतीस सेंटिमीटर रुंदीच्या कापडाचा, गोल कापणी जवळजवळ नाहीच, म्हणून उसवला की पट्ट्या जोडून पुन्हा अखंड कापड होतं, धुता येतं, पुन्हा शिवता येतं. नवरीचे, गेलेल्या बायकांचे किमोनो देवळाला देत, आणि तिथे ते कापून भिक्षूंची केसा, म्हणजे तुकड्यांची वाकळ होई. आपली नऊवारी तर कधी कापलेलीच नसते. तिची पुढे गोधडी होते, बाळाची झोळी होते. आणि इथे, आडी महिन्यात, श्रीरंगमच्या अम्मा मंडपाच्या घाटावर देव नम्पेरुमाळ येतो आणि कावेरीला माहेरची भेट देतात, साडी, हार, विडा, फळं. ते तबक पाण्यात सोडतात. नदी नवरीसारखी, गरोदर लेकीसारखी मानतात इकडे. ते रेशीम पाण्यावर जरा वेळ तरंगतं, जड होतं, आणि दिसेनासं होतं. त्याला कुणी पुन्हा घडी घालत नाही.

आपल्याला मात्र घालायची आहे.

परत ओट्यावर या. कूरै अजून उलगडलेलं आहे. आजी दुसऱ्या टोकाला. मी पदर हातात घेतला तेव्हा त्यांनी तो माझ्याकडून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि टोकाची दुमड नखानं चाचपली. शिवण एका जागी उसवली होती. त्यांनी ती अंगठ्यानं उघडून मला दाखवली. आत बोटभर रुंद पट्टी होती. लग्नाच्या दिवशीचा लाल. बाहेरचा सगळा रंग निखाऱ्यासारखा विझलेला, आणि दुमडीत तो तसाच ओला वाटावा इतका ताजा. साठ वर्षं त्याला उजेड लागला नव्हता, पाणी लागलं नव्हतं, कुणाचा हात लागला नव्हता.

मी काहीतरी बोलणार होते. त्या पाहत होत्या, म्हणून बोलले नाही.

तुम्हीही पाहा. जेवढं पाहावंसं वाटतं तेवढं.

मग त्यांनी दुमड पुन्हा मिटली, वरून बोट फिरवून दाबली, आणि आतून सुईदोरा आणायला सांगितला. चार टाके. दोरा दातानं तोडला.

"आता धर," म्हणाल्या. "जुन्या घडीवर नको. ती घडी थकली आहे. चार बोटं पुढे धर."

मी चार बोटं पुढे धरलं. त्या टोकाशी त्या, या टोकाशी मी. कड कडेला लावली, मधला पोक झटकला, आणि काठ जुळवत आम्ही एकमेकींकडे चालत आलो.